सेंट बर्नार्ड्स वॉल्ट्झ सहा आठवड्यांत जमेल का? जमेल, पण आधी वजन कुठल्या पायावर आहे ते बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चहा बाजूला ठेवून लिहायलाच बसले, कारण तुम्ही जिथे अडकलाय ना तिथेच जवळजवळ सगळे अडकतात आणि तिथून बाहेर पडायला एक संध्याकाळ पुरते. आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंच्या मुलाचं लग्न जूनमध्ये स्कॉटलंडला पर्थशायरमध्ये आहे, सूनबाई तिकडच्याच, रात्री जेवणानंतर नाचाचा कार्यक्रम आहे आणि व्याह्यांनी मनापासून सांगितलंय की सेंट बर्नार्ड्स वॉल्ट्झला दोन्हीकडच्या आईवडिलांनी फ्लोअरवर यायचंच. ताई ५८, काका ६३, काकांचा एक गुडघा दुखरा, दोघं आयुष्यात कधी नाचलेले नाहीत. तीन आठवडे पुण्याच्या फ्लॅटमध्ये व्हिडिओ बघून प्रॅक्टिस चाललीय, बाजूला जाणं आणि पाय आपटणं मस्त जमतं, पण मागेपुढे जायची वेळ आली की दोघांचे पाय एकमेकांवर. आता सहा आठवडे उरलेत आणि प्रश्न असा की जमेल का, का दुसरा सोपा नाच बघू.

दुसरा बघू नका. मी २२ वर्षं एडिंबराला आहे आणि त्यातली १४ वर्षं आठवड्यातली एक संध्याकाळ नवशिक्यांना हेच शिकवते, त्यामुळे खात्रीने सांगते, याच्याइतका दयाळू नाच तिकडच्या लग्नात दुसरा नाही. गे गॉर्डन्स, डॅशिंग व्हाइट सार्जंट, स्ट्रिप द विलो, सगळे सुंदर, पण त्यात पळापळ आहे, उड्या आहेत, आणि स्ट्रिप द विलोमध्ये तर अनोळखी माणूस हाताला धरून गरगर फिरवतो, काकांच्या गुडघ्याला ते नको. या वॉल्ट्झमध्ये जोडीदार बदलत नाही, उडी नाही, आणि चालता येणाऱ्या माणसाला येत नाही असं एकही पाऊल नाही. एकूण १६ बार, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत संपणारा प्रकार, तोच पुन्हा पुन्हा.

बार म्हणजे तीन मात्रांचा एक कप्पा. तुम्ही लिहिलंय की लहानपणी थोडं गाणं शिकलात, मग तुम्हाला दादरा माहीत असणार, धा धिं ना, धा तिं ना. वॉल्ट्झचे दोन बार म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन. तिकडे वाजवणारे प्रत्येक बारची पहिली मात्रा सारखीच ठसठशीत वाजवतात, 'खाली' (आवर्तनाचा टाळी नसलेला भाग) वगैरे काही नाही, पण पायांना मात्र सम आणि खाली दोन्ही आहे, कारण एका बारला एक पाय पुढाकार घेतो आणि पुढच्या बारला दुसरा. पुरुषाचा डावा पाय समेवर, उजवा खालीच्या मात्रेवर, बाईचं बरोब्बर उलट. नाचाच्या उत्तरार्धात हे अगदी काटेकोर लागू होतं. पूर्वार्धात ते थोडं मोडतं आणि तुम्ही अडकता ती जागा त्या मोडण्यातच आहे.

आधी उभं कसं राहायचं ते. सगळ्या जोड्या मिळून हॉलभर एक मोठं वर्तुळ. पुरुषाची पाठ वर्तुळाच्या मध्याकडे, तोंड बाहेर भिंतीकडे. बाईचं तोंड मध्याकडे, म्हणजे नवऱ्याकडे. सगळं वर्तुळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सरकतं. आपल्याला प्रदक्षिणेची सवय, देव उजव्या हाताला ठेवून जायची, इथे वर्तुळाचा मध्य डाव्या हाताला येतो हे एकदा डोक्यात पक्कं करा, कारण गडबडीत आपले लोक उलटे निघतात आणि शेजारच्या जोडीवर आदळतात. असं उभं राहिलं की पुढे जायची दिशा पुरुषाच्या डाव्या हाताला आणि बाईच्या उजव्या हाताला येते.

आणि आता बोल. पाय हलवायच्या आधी बोल पाठ करा ही माझी अट असते, इथल्या स्कॉटिश मुलामुलींनासुद्धा. आपल्याकडे तबला शिकणारा पोरगा आधी तोंडाने ठेका म्हणतो मग हात लावतो, तेच. माझे बोल असे:

बाजू - जवळ, बाजू - जवळ, बाजू - - , धप धप - ,
परत - जवळ, परत - टेक,
मध्ये - - , मध्ये - - , बाहेर - - , बाहेर - - ,
फिर बाई फिर, फिर बाई फिर,
आणि चार बार गोल.

दोघांनी समोरासमोर खुर्चीत बसून म्हणा, मांडीवर पहिल्या मात्रेला टाळी द्या. "बाजू" एकवर, "जवळ" तीनवर, दोनवर काहीच नाही, शरीर सावकाश सरकतंय. "धप धप" एकवर आणि दोनवर, तीनवर शांत. ही तीनवरची शांतता फार महत्त्वाची आहे, नवशिके तिथे तिसरा धप मारतात आणि मग पुढचं सगळं एका मात्रेने घसरतं. तुम्हाला हे म्हणताना हसू येईल, येऊ दे, दोन दिवस फक्त म्हणा, भाजी चिरताना, गाडीत बसल्यावर.

आता पाय. पुरुषाचे सांगते, बाईने आरशासारखं उलट धरायचं. पहिला बार डावा बाजूला, उजवा जवळ आणि वजन उजव्यावर. दुसरा बार तेच. तिसरा बार डावा बाजूला, बस्स. चौथा बार उजवा आपट, डावा आपट, आणि दुसऱ्या आपटीला वजन डाव्यावर ठेवून थांबा. उजवा पाय रिकामा झाला. रिकामा पाय म्हणजे जो आत्ता उचलता येईल तो, हे शब्द पुढे सारखे येणार आहेत. तो रिकामा उजवा पाय पाचव्या बारला परत मागच्या दिशेला, म्हणजे पुरुषाच्या उजवीकडे, डावा जवळ, वजन डाव्यावर. सहावा बार उजवा बाजूला आणि डावा जवळ.

थांबा. हीच ती जागा.

या सहाव्या बारला डावा पाय जवळ आणायचा पण त्याच्यावर उभं राहायचं नाही. नुसता टेकवायचा, बोटं जमिनीला लागली तर लागली, वजन उजव्यावरच. कारण सातव्या बारला पुरुषाला डाव्याच पायाने मागे जायचंय. पाचव्या बारला तुम्ही "जवळ" केलं तेव्हा वजन दिलं होतंत, शरीराला वाटतं सहाव्यालाही तसंच, आणि ते आपोआप वजन देऊन टाकतं. मग सातव्याला काकांचा उजवा पाय रिकामा, तो मागे जातो, तुमचा मात्र बरोबर रिकामा असलेला उजवा पुढे येतो, आणि समोरासमोर उभ्या माणसांमध्ये एकाचा उजवा मागे आणि दुसरीचाही उजवा पुढे म्हणजे काय होणार, तुमचा पाय थेट त्यांच्या डाव्या पायावर, जो अजून तिथेच उभा आहे. तुम्ही लिहिलंय "दर वेळी माझाच पाय त्यांच्या पायावर पडतो", त्यावरून मला वाटतं तुमचं बरोबर चाललंय आणि काका सहाव्या बारला वजन देतायत. म्हणून बोलांमध्ये मी तिथे "जवळ" नाही, "टेक" म्हणते.

मला हे कसं कळलं ते सांगते, कारण मीही बरेच महिने तिथेच अडखळत होते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एका वर्गाला जायचे, तिथले शिकवणारे फक्त दिशा ओरडायचे, डावीकडे, उजवीकडे, मागे, आणि ज्यांना जमत नाही ते आपोआप भिंतीला जाऊन उभे राहायचे. मीही त्यात. मग एका गावच्या हॉलमध्ये एक म्हाताऱ्या बाई, ऐंशीच्या पुढच्या असतील, माझ्याबरोबर पुरुषाची बाजू करायला आल्या. त्यांनी पाय बघू दिले नाहीत. उजवा हात माझ्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली सपाट ठेवला आणि सहाव्या बारला मला जाणवलं की त्यांचं सगळं शरीर एका बाजूला जरासं थांबलंय, तराजूचं एक पारडं खाली राहावं तसं, डावी बाजू हलकी. शब्द एकही नाही. त्यांची ती हलकी बाजू मागे गेली आणि माझा पाय आपोआप तिच्या मागे पुढे गेला. त्या दिवसानंतर मी पावलं मोजणं सोडलं आणि वजन बघायला लागले, आणि शिकवतानाही तेच शिकवते. नाच जमला नाही की दिशा विचारू नका, स्वतःला विचारा, आत्ता माझा कुठला पाय रिकामा आहे.

तर तुमचा सराव असा. संगीत बंद. काकांनी एकट्याने चौथा ते आठवा बार करायचा, आणि सहाव्या बारच्या शेवटी पुतळा. तुम्ही जाऊन त्यांचा डावा गुडघा हाताने हलवून बघा. सहज हलला तर बरोबर, जड लागला तर वजन दिलंय. मग जागा बदला, तुमचा उजवा हलका असला पाहिजे. दिवसाला दहा वेळा, चार दिवस. पाचव्या दिवशी संगीत लावा.

सातव्या बारपासून सगळं सरळ आहे. पुरुष डाव्याने मागे, मग उजव्याने मागे, एका बारला एकच पाऊल, म्हणजे वर्तुळाच्या मध्याकडे दोन पावलं. बाई उजव्याने पुढे, डाव्याने पुढे. मग नवव्या-दहाव्याला उलट, पुरुष पुढे दोन, बाई मागे दोन. इथे पुरुषाचं पाऊल चांगलं लांब हवं. बहुतेक पुरुष मागे बघता येत नाही म्हणून घाबरून टिचभर पाऊल टाकतात आणि मग समोरून येणाऱ्या बाईला जागाच राहत नाही. काकांना सांगा, मागे कोणी नाहीये, मागे वर्तुळाचा मोकळा मध्य आहे, आणि सगळे पुरुष एकाच वेळी मागे जातायत. मी एकदा एका जुन्या टाउन हॉलच्या गॅलरीत उभी राहून हे वरून बघितलं, साठेक जोड्या असतील, ते अख्खं वर्तुळ एकदम मिटलं आणि दोन बारनंतर एकदम उमललं. तुम्हाला भोंडला आठवत असेल तर फेर धरून मध्ये जायचं आणि परत मागे यायचं, ती मजा. फक्त इथे जोडीने.

अकरावा-बारावा बार, बाई पुरुषाच्या डाव्या हाताखालून एक गिरकी घेते, उजवीकडे वळून. पुरुषाचा उजवा हात तिच्या पाठीवरून सुटतो, डावा वर जातो. पुरुषाने फिरवायचं नसतं, हे लिहून फ्रिजवर लावा. त्याने फक्त हात तिच्या डोक्यावर छपरासारखा धरायचा, बोटं सैल, झोपाळ्याच्या कडीत साखळी फिरते तितकी सैल, आणि फिरायचं काम तिचं. घट्ट धरलेल्या हाताखाली फिरलं की बाईचं मनगट आणि खांदा दुखावतो, आपल्या वयात तर नक्कीच. हात पुढेही ओढायचा नाही, डोक्याच्या बरोबर वर. तुम्ही दोन मोठ्या पावलांत फिरा किंवा सहा छोट्या, दोन्ही चालतं, मी साडीवाल्यांना सहा छोटी सांगते. पहिल्या पावलाला उजवा पाय लागतो आणि शेवटी परत उजवा रिकामा मिळतो. काका तोवर जागेवर डावा-उजवा करतात, नुसते खांबासारखे उभे राहू नका म्हणावं, नाहीतर पुढे कुठला पाय ते विसरतं.

आणि मग तेरा ते सोळा, खरा वॉल्ट्झ. चार बार, प्रत्येक बारला तीन पावलं, उजवीकडे फिरत फिरत वर्तुळाच्या दिशेने पुढे जायचं. इथे सगळ्यांना धडकी भरते, पण एक सूत्र आहे. उजवा पाय नेहमी समोरच्याच्या दोन पायांच्या मध्ये आत, डावा पाय नेहमी समोरच्याला वळसा घालून बाहेरून. दोघांनाही लागू. तेराव्या बारला काकांचा डावा वळसा घालतो तेव्हा तुमचा उजवा आत, चौदाव्याला तुमचा डावा वळसा आणि त्यांचा उजवा आत. एका बारला अर्धी फेरी, चार बारला दोन फेऱ्या, आणि संपताना काकांची पाठ परत मध्याकडे. चुकून ती तशी आली नाही तर पुढची सुरुवात करता येत नाही, म्हणून शेवटच्या बारला डोळ्यांनी मध्य शोधायचा.

दोन फेऱ्या जमत नसतील तर एकच करा. प्रत्येक बारला पाव. कोणीही बघत नाही, निम्म्या जोड्या तेच करतात, आणि गुडघ्याला फार बरं. त्यातही चक्कर येत असेल तर समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघा, चेहऱ्याकडे किंवा जमिनीकडे नाही.

आपल्या बायकांची एक खास चूक होते, ती मी फक्त आपल्यातच बघितलीय. फिरायची वेळ आली की आपण फुगडीत जातो. फुगडीत मागे झुकायचं, एकमेकींच्या हातांवर भार टाकायचा, ती सवय अंगात इतकी मुरलेली असते की वॉल्ट्झमध्येही वरचं अंग मागे जातं आणि नवरा पुढे खेचला जातो. इथे भार स्वतःच्याच पायांवर. पुरुषाचा उजवा हात पाठीवर पात्याखाली, तुमचा डावा त्यांच्या दंडावर, दुसरे हात एकमेकांत खांद्याच्या उंचीला, कोपर पडू द्यायचे नाहीत. तुमच्या दोघांत एक घडी घातलेलं वर्तमानपत्र धरलंय आणि ते पडूही नये, चुरगळूही नये, इतकं अंतर. तुम्ही उंचीने बऱ्याच लहान आहात असं लिहिलंय, मग दंडाऐवजी कोपराच्या जरा वर हात ठेवा, चालतं.

जमीन आणि बूट, यावर मी कधीही घाई करत नाही कारण दुखापती इथेच होतात. पुण्याच्या फ्लॅटला टाइल्स आहेत, खाली सिमेंट, त्यावर जोरात धप केलं तर झटका थेट गुडघ्यात. घरी आपटू नका, नुसतं टेकवा, गुडघे थोडे सैल ठेवून पूर्ण तळवा एकदम, टाच कधीच नाही. तिकडच्या हॉलमध्ये बहुतेक लाकडी फ्लोअर असतं, ते किंचित दबतं, तिथे हवा तितका आवाज काढा. आणि स्पोर्ट्स शूज घालून फिरायची प्रॅक्टिस करू नका, काकांनी तर मुळीच नाही. रबराचा तळ जमिनीला पकडून बसतो, वरून शरीर फिरतं, आणि मधल्या मध्ये पीळ बसतो तो गुडघ्याला. गुळगुळीत चामड्याचा तळ असलेले जुने ऑफिसचे बूट काढा. तुमच्यासाठी मागून पट्टा असलेले सपाट सँडल, कोल्हापुरीचा तळ चांगला सरकतो पण टाच मोकळी राहते आणि मागे जाताना चप्पल तिथेच राहते. आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या की फिरणं चालेल का, एवढं करा.

साडीबद्दल विचारलंत. पैठणी नेसायचीच आहे तर नेसा, मीही नेसूनच नाचते. सहावारी असेल तर नेहमीपेक्षा दोन बोटं वर, घोट्याच्या वर, निऱ्या थोड्या मोकळ्या पण आतून पिन केलेल्या, पदर पिन करून खांद्यावर किंवा कमरेला खोचलेला, कारण गिरकीच्या वेळी लांब पदर मागच्या जोडीच्या बुटाखाली जातो. नऊवारी येत असेल तर सोनं, पाय वेगळे मोकळे मिळतात. काय नेसणार ते ठरवा आणि शेवटचे दोन आठवडे तशाच जुन्या साडीत प्रॅक्टिस करा, सलवार-कमीजमध्ये जमलेलं साडीत जमतंच असं नाही. काकांना व्याही किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा) घालायला लावणार असतील, बहुतेक लावतातच, तर पुढे जी चामड्याची पिशवी लटकते ना, स्पोरन, ती नाचायच्या आधी डाव्या कमरेवर सरकवायची. नाहीतर सातव्या बारला तुम्ही पुढे याल आणि ती तुमच्या पोटावर आदळेल. तिकडचे पुरुष ते न सांगता करतात, बाहेरच्यांना कोणी सांगत नाही.

जागा नाही म्हणता, तर वर्तुळाची घाई नको. पॅसेजमध्ये सरळ रेषेत करा, तीन बाजूला दोन परत, म्हणजे एका फेरीला एखादंच पाऊल पुढे सरकता. मग एखाद्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर खडूने मोठा गोल काढा, मध्ये एक ठिपका, आणि ठिपक्याकडे पाठ करून काकांना उभं करा. गोलावर आलं की "बाजू"ची रेषा किंचित वाकते, खांदे सतत थोडे वळत ठेवावे लागतात, ते फ्लॅटमध्ये कळत नाही. शक्य असेल तर अजून एक जोडपं गच्चीवर बोलवा. समोर दुसरी जोडी असली की अंतर राखायला शिकता, आणि धप धप एकदम पडलं की जो आनंद होतो तो दोघांच्या धपमध्ये नाही.

संगीतासाठी जिमी शँड यांच्या बँडची वॉल्ट्झची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐका. फाइफमधले अकॉर्डियनवाले, १९०८ चा जन्म, २००० साली गेले, अख्ख्या स्कॉटलंडच्या पायांना यांची लय माहीत आहे. त्यांची लय घड्याळासारखी ठाम असते आणि पहिली मात्रा शोधावी लागत नाही, नवशिक्याला तेच हवं. सिनेमातले, व्हिएन्नावाले वॉल्ट्झ लावून प्रॅक्टिस करू नका, ते फार पळतात आणि मध्येच लय ओढतात.

क्लास शोधताना एक काळजी घ्या. रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी म्हणून मोठी संस्था आहे, १९२३ मध्ये ग्लासगोला सुरू झाली, तिच्या शाखा जगभर आहेत, पण त्यांचं मुख्य काम वेगळं आहे, रील, जिग आणि स्ट्रॅथस्पे, चार-चार जोड्यांच्या संचात, मऊ बुटांत, पायाची बोटं ताणून. अप्रतिम प्रकार आहे, मला जीव की प्राण आहे, पण सहा आठवड्यांत लग्नाला जायचंय तर ती वाट नाही. तुमचा नाच केलीचा. केली हा गेलिक शब्द, उच्चार आपल्या "मी केली"मधल्यासारखाच, मूळ अर्थ भेटीगाठी, शेजाऱ्यांनी जमून गाणं-गोष्टी करणं. ठरलेल्या क्रमाचे जोडीचे नाच त्यात बॉलरूममधून आले. लंडनच्या टाइम्सने १८१६ साली वॉल्ट्झवर अश्लील म्हणून अग्रलेख लिहिला होता, का तर बाई-पुरुष इतके जवळ धरून नाचतात म्हणून, आणि आज तोच वॉल्ट्झ आजी-आजोबांचा नाच आहे. पुढे १९०० मध्ये लीड्सच्या आर्थर मॉरिस यांनी व्हेलेटा बसवला, तो खूप गाजला आणि तशा ठरीव क्रमाच्या जोडीच्या नाचांची लाटच आली. प्राइड ऑफ एरिन, मिलिटरी टू-स्टेप हे तुम्हाला त्या रात्री दिसतील ते याच कुळातले.

तुम्हाला वाटेल तिकडच्या सगळ्यांना हे जन्मजात येतं. तसं नाही. त्यांना शाळेत शिकवतात, डिसेंबरमध्ये नाताळच्या पार्टीआधी पीटीच्या तासाला, जिममध्ये मुलगे एका भिंतीला मुली दुसऱ्या भिंतीला, आणि मग जोड्या लावतात. तेराव्या वर्षी लाजत लाजत शिकलेलं पन्नाशीत पायांना आठवतं, एवढंच. त्यामुळे तुमच्या व्याह्यांच्या बाजूची माणसं तुमच्याकडे परीक्षकासारखी बघणार नाहीत. त्यांनी स्वतः ते शिकताना काय काय केलंय ते त्यांना चांगलं आठवत असतं.

त्या रात्रीचं थोडं. हा नाच बहुतेक मधल्या वेळात लागतो, एखाद्या दमवणाऱ्या नाचानंतर. कॉलर, म्हणजे नाच पुकारून सांगणारा माणूस, माइकवर नाव सांगेल, जोड्या वर्तुळ करतील, बऱ्याचदा एकदा संगीताशिवाय चालवून दाखवतील, तेव्हा नक्की उतरा. मग बँड चार बार आधी वाजवेल, ते तुमचे नाहीत, त्यात श्वास घ्या, एकमेकांकडे बघा, वजन काकांनी उजव्यावर आणि तुम्ही डाव्यावर टाकून तयार राहा. आणि चुकलात, विसरलात, कुठे आहोत कळेना, तर पळत गाठायचा प्रयत्न करू नका. वर्तुळातून बाहेर पडू नका. हात धरून जागेवर डुलत राहा आणि कान उघडे ठेवा. पूर्ण हॉलचा एकत्र धप धप ऐकू येईल, लाकडातून पायाखाली जाणवेलसुद्धा. ती तुमची सम. तिथे दुसऱ्या धपला वजन काकांनी डाव्यावर, तुम्ही उजव्यावर, आणि पाचव्या बारपासून सगळ्यांबरोबर. मी १४ वर्षांत शेकडो लोकांना हेच सांगितलंय आणि समेवर परत येता आलं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि कार्यक्रमाच्या शेवटी सगळे हात धरून एक मोठा गोल करतात, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचं ते 'ऑल्ड लँग साइन' हे निरोपाचं गाणं म्हणतात. हात सुरुवातीपासून फुलीसारखे आडवे घालू नका, बाहेरचे लोक तसं करतात. आधी साधे शेजाऱ्याचे हात धरायचे, फुली फक्त शेवटच्या कडव्याला. व्याह्यांना फार बरं वाटेल.

सध्या बाकी सगळं सोडा. या आठवड्यात फक्त चौथा ते आठवा बार, संगीत नाही, वर्तुळ नाही, गिरकी नाही. रविवारी कळवा, सहाव्या बारच्या शेवटी काकांचा डावा गुडघा हलका लागला का, आणि जमलं तर कंबरेपासून खालचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, समोरून नको, बाजूने, म्हणजे दोघांचं वजन कधी कुठे जातंय ते दिसेल.